फॉस्टर केअरमधील मुलाचे कम्युनिटी कॉलेज अर्ध्यावर सुटू नये, यासाठी आपण नेमके काय करू शकतो?

शुभदा_सॅनहोजे | २३ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियात सॅन होजे परिसरात राहते. दोन वर्षांपूर्वी तीस तासांचे प्रशिक्षण घेऊन मी 'कासा' स्वयंसेविका झाले. घरात सुरक्षित नसल्यामुळे ज्या मुलांना आईवडिलांपासून दूर, न्यायालयाच्या देखरेखीखाली ठेवावे लागते, म्हणजेच फॉस्टर केअरमध्ये, त्यांची बाजू न्यायाधीशांपुढे मांडण्यासाठी न्यायालय एका सामान्य नागरिकाची नेमणूक करते. तोच 'कासा' स्वयंसेवक. १९७७ साली सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ही पद्धत सुरू केली आणि आज ती अमेरिकेत बहुतेक सर्वत्र आहे.

मी ज्याच्यासोबत आहे तो मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) जानेवारीच्या अखेरीस त्याने कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. एकूण तेरा युनिट, म्हणजे श्रेयांक, आहेत, त्यांपैकी रसायनशास्त्राचे चार आणि उरलेल्या तीन विषयांचे प्रत्येकी तीन. गेले तीन आठवडे तो रसायनशास्त्र आणि गणिताच्या वर्गाला गेलेला नाही, हे मला परवा कळले. आम्ही एका कॉफीच्या दुकानात बसलो होतो. त्याने पाठपिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर रिकामी केली. तिच्यात कॉलेजची आणि न्यायालयाची न उघडलेली पाकिटे होती, आणि त्यांच्या तळाशी प्रयोगशाळेत घालायचा संरक्षक चष्मा होता, दुकानातून आणला तसाच, वेष्टणासकट.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्याच्याकडे चष्मा आणि प्रयोगवही नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे त्याला बाहेर थांबावे लागले. दुसऱ्या वेळीही तेच झाले. शिष्यवृत्तीचे पैसे त्यानंतर खात्यात जमा झाले, आणि त्याने लगेच चष्मा विकत घेतला. तोवर मात्र त्या वर्गात पुन्हा पाऊल टाकण्याचा धीर त्याच्यात उरला नव्हता.

चष्म्याची किंमत दहा-बारा डॉलर असेल. कागदावर त्याच्यासाठी हजारो डॉलरची तरतूद आहे, हे मला ठाऊक आहे. मग मधल्या या फटीत आपल्यासारख्यांनी काय करावे? इथे कॉलेजांत काम करणारे आणि शिकवणारे लोक आहेत, म्हणून विचारते.

वर्धेकर | २३ मार्च, रात्री १०.१५

एक मूलभूत प्रश्न विचारतो, राग नसावा. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचे कनिष्ठ महाविद्यालय का?

शुभदा_सॅनहोजे | २३ मार्च, रात्री १०.३०

राग कसला? कनिष्ठ महाविद्यालय बारावीपर्यंतचे असते, तर हे बारावीनंतरचे असते. इथे दोन वर्षांची पदवी किंवा वेल्डिंग, शुश्रूषा, वाहनदुरुस्ती अशा कामांचे प्रमाणपत्र मिळते, अथवा दोन वर्षे शिकून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत. प्रवेशाला गुणांची अट नसते. शुल्क युनिटमागे ४६ डॉलर आहे आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना तेही माफ होते. त्यामुळे फॉस्टर केअरमधून आलेली जी मुले पुढे शिकतात, त्यांतली बहुतेक प्रथम याच दारातून आत येतात.

खडकवासला_७२ | २४ मार्च, सकाळी ७.०५

शुभदाताई, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट मांडतो. शुल्क माफ, पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारे केंद्र सरकारचे अनुदान, वेगळी, राहण्यासाठी दरमहा रक्कम वेगळी. आम्ही दोन बॅगा आणि कर्जाचे ओझे घेऊन या देशात आलो, चौघांनी एका खोलीत राहून शिकलो. चष्मा नसेल तर शेजाऱ्याकडून मागून घेता येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाची पाकिटे आपण उघडायची म्हटल्यावर तो स्वतःच्या पायावर कधी उभा राहणार? अति मदतीने माणूस पांगळा होतो, अशी मला प्रामाणिक काळजी वाटते.

गणिताची_वही | २४ मार्च, सकाळी ८.५०

मी लॉस एंजेलिस परिसरातील एका कम्युनिटी कॉलेजात चौदा वर्षे गणित शिकवते. काका, तुमच्या त्या दोन बॅगा कोणी भरून दिल्या होत्या, हे एकदा आठवून पाहा. माझ्या बॅगेत आईने मेतकूट, गोडा मसाला आणि तापाच्या गोळ्या घातल्या होत्या, आणि गोळ्यांच्या पुडीवर कधी घ्यायच्या ते लिहिले होते. कर्जाला जामीन राहणारे मामा होते. पहिल्या सत्रात मी एका विषयात नापास होण्याच्या बेतात होते, तेव्हा दर रविवारी फोनवर रडत होते. आपण कष्ट केले हे खरेच आहे, पण पडलो तर परत जायला एक घर आहे, हे आपल्याला ठाऊक होते. या मुलांपैकी काहींनी बारावीपर्यंत सात-आठ घरे आणि तितक्याच शाळा बदललेल्या असतात. शेजाऱ्याकडे चष्मा मागण्यासाठी, मागितल्यावर माणूस देतो याचा अनुभव आधी गाठीशी असावा लागतो.

आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या तीन राज्यांत अशा मुलामुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा करून एक मोठा अभ्यास झाला होता. सव्विसाव्या वर्षी त्यांच्यापैकी केवळ ८ टक्क्यांकडे दोन किंवा चार वर्षांची पदवी होती, तर त्याच वयाच्या इतर तरुणांत हे प्रमाण ४६ टक्के होते. एवढी मोठी तफावत केवळ आळसाने पडत नाही.

शुभदाताई, शिक्षिका म्हणून सांगते. गणिताच्या बाबतीत २०१७ च्या कायद्यानंतर आमच्याकडे पायाभूत अभ्यासक्रमांत मुलांना दोन-दोन वर्षे अडकवून ठेवणे जवळपास बंद झाले आहे. विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या तोडीच्या गणितात बसतो, सोबत आधारवर्ग असतो. हा बदल चांगला आहे, पण अशा वर्गात तीन आठवडे बुडाले की अंतर वेगाने वाढते. त्याने शिक्षकांना दोन ओळींचे पत्र लिहावे: मी गैरहजर होतो, मला परत यायचे आहे, कधी भेटू? कारण सांगण्याची सक्ती नाही. तो फॉस्टर केअरमध्ये आहे हे त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही कळवू नका. वर्गात कणव वाट्याला येण्यापेक्षा नापास होणे पत्करणारी मुले मी पाहिली आहेत.

खडकवासला_७२ | २४ मार्च, सकाळी ९.३०

मामांचा मुद्दा मान्य आहे. माझ्या कर्जालाही काका जामीन होते. स्वावलंबनाविषयीचा माझा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

खिडकी_क्रमांक_तीन | २४ मार्च, दुपारी १.२०

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या आर्थिक साहाय्य विभागात काम करतो. शुभदाताई, तुम्ही या आठवड्यात विचारलेत हे फार बरे झाले, कारण पुढील काही दिवस निर्णायक आहेत. थोडे लांबेल, पण नीट वाचा.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे कोणाला न सांगता वर्गाला जाणे बंद करणे. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्यापूर्वी विद्यार्थ्याने सगळेच विषय सोडले, तर पेल ग्रँटचा काही भाग त्याने 'कमावलेला नाही' असे धरले जाते आणि ती रक्कम परत मागितली जाते. ते पैसे भाड्यात आणि जेवणात केव्हाच खर्च झालेले असतात. मग कॉलेजची बाकी नावावर चढते आणि पुढचा रस्ता अवघड होतो. दोन-तीनशे डॉलरच्या अशा बाकीपायी कायमची निघून गेलेली मुले मी माझ्या खिडकीतून पाहिली आहेत.

आता त्याचे गणित मांडू. मदत चालू राहण्यासाठी साधारणपणे गुणांची सरासरी चारपैकी २.० आणि घेतलेल्या युनिटांपैकी ६७ टक्के पूर्ण, अशा दोन अटी असतात. मुदतीत सोडलेल्या विषयाला 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, मिळतो. तो सरासरी बिघडवत नाही, परंतु 'घेतलेल्या' युनिटांत मोजला जातो. त्याने रसायनशास्त्र सोडून बाकीचे तीन विषय पूर्ण केले, तर तेरापैकी नऊ म्हणजे ६९ टक्के होतात आणि तो वाचतो. गणितही सोडले तर तेरापैकी सहा, म्हणजे ४६ टक्के. म्हणून गणित टिकवणे ही सध्या सर्वांत मोलाची गोष्ट आहे. नऊ युनिटांना आणखीही महत्त्व आहे. तुमच्या कॉलेजात फॉस्टर केअरमधील विद्यार्थ्यांसाठी 'नेक्स्टअप' ही योजना असेल, तर तिच्या प्रवेशासाठी नऊ युनिटांची अट असते. १९६९ पासून चालत आलेल्या, गरजू विद्यार्थ्यांसाठीच्या ईओपीएस योजनेचा हा भाग आहे, आणि २०१४ च्या कायद्याने तो सुरू झाला. पुस्तकांचे पैसे, प्रवासाचा पास, अडीअडचणीचा निधी आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र समुपदेशक यातून मिळतो. तेराव्या वाढदिवसानंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली असलेली मुले यात बसतात. त्याने नाव नोंदवले आहे का, हे आधी पाहा.

चेफी ग्रँट, म्हणजे फॉस्टर केअरमधील तरुणांच्या शिक्षणासाठीचे अनुदान, हेही तपासा. ती वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत असते आणि तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. फॅफसा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरला म्हणजे सगळे झाले, असे मुलांना वाटते. फॅफसामध्ये वयाची तेरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर कधीही फॉस्टर केअरमध्ये होता का, हा प्रश्न असतो. तिथे 'होय' म्हटले की आईवडिलांचे उत्पन्न सांगावे लागत नाही. अनेक मुले तो प्रश्न न वाचताच पुढे जातात आणि मग ज्या आईचा पत्ता ठाऊक नाही, तिची सही आणायला घाबरून अर्जच सोडून देतात.

वर्धेकर | २४ मार्च, दुपारी २.००

तेरापैकी नऊचा हिशेब वाचून वाटले की हा एक परिच्छेद प्रत्येक कॉलेजच्या दारावर लावायला हवा.

पूर्वेचा_किनारा | २४ मार्च, सायंकाळी ६.४५

विषयाला धरून एक शंका. त्याला थेट चार वर्षांच्या विद्यापीठात का पाठवले नाही? कॅल स्टेट फुलरटन विद्यापीठाने १९९८ मध्ये अशा मुलांना मदत करणारे 'गार्डियन स्कॉलर्स' सुरू केले आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ते स्वीकारले. तिथे वसतिगृह असते, सुट्टीतही राहायला जागा मिळू शकते. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृहच नसते. ज्याला घर नाही त्याला बिनवसतिगृहाच्या कॉलेजात पाठवणे मला उलटे वाटते.

खिडकी_क्रमांक_तीन | २४ मार्च, रात्री ८.१०

प्रश्न रास्त आहे, पण विद्यापीठाला आवश्यक विषय आणि गुण बारावीपर्यंत जमवावे लागतात. तीन-चार शाळा बदलल्या की कुठल्या तरी शाळेत अर्ध्या वर्षाचे श्रेयांक हरवतात. ज्यांना थेट प्रवेश मिळू शकतो त्यांनी जरूर जावे. बाकीच्यांसाठी हे दार उघडे आहे आणि ते नीट उघडे ठेवणे आपले काम आहे.

घराबद्दल सांगतो. २००८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना फॉस्टर केअर एकवीस वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१२ पासून ते लागू झाले. कॉलेजात किमान अर्धवेळ शिकणे किंवा महिन्याला ऐंशी तास काम करणे, अशा पाच अटींपैकी एक पाळली की मदत चालू राहते. त्यातून स्वतंत्र राहण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम मिळते. सॅन होजेत तेवढ्यात एक खोली मिळाली तरी मुलगा नशीबवान, आणि जेवण त्यानंतर. म्हणून ही मुले रात्रपाळी करतात आणि सकाळी आठच्या वर्गात डुलक्या घेतात.

अनुरक्षण | २५ मार्च, सकाळी ६.३०

मी पुण्याचा आहे आणि अमेरिकेशी माझा संबंध नाही. तरीही लिहितो, कारण मी सहाव्या वर्षापासून महाराष्ट्रातील एका बालगृहात वाढलो.

माझ्या अठराव्या वाढदिवशी संस्थेत गोड जेवण झाले आणि दुसऱ्या दिवशी माझी पेटी कार्यालयात आली. आज २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अनुरक्षणाची, म्हणजे एकवीस वर्षांपर्यंतच्या आधाराची तरतूद आहे, मिशन वात्सल्यमधून महिना ४,००० रुपयांची मदत आहे, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी एक टक्का आरक्षणही दिले. माझ्या वेळी यातले फारसे काही हाताशी नव्हते. मी तंत्रनिकेतनात प्रवेश घेतला. तिथला प्रत्येक अर्ज वडिलांच्या नावापाशी माझी वाट अडवत असे. खिडकीवरचा माणूस विचारायचा, "हा रकाना रिकामा का सोडलास?" आणि मागे रांग असायची.

खडकवासला काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापुरते देतो. मला टिकवले ते खानावळीच्या मावशींनी. त्यांनी मला कधी पैसे दिले नाहीत, उलट महिन्याचे पैसे चोख घेतले. मात्र दर रविवारी ताटात दुसरी पोळी वाढताना त्या विचारायच्या, "या आठवड्यात हजेरी किती झाली रे?" एका रविवारी मी खोटे बोललो आणि त्यांना ते कळले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. मी पांगळा झालो नाही. माझी हजेरी कोणी तरी मोजते आहे, हे मला आयुष्यात प्रथमच कळले. शुभदाताई, तुम्ही त्या मुलाची पाकिटे उघडू नका. तो उघडेल तेव्हा समोर बसा.

खडकवासला_७२ | २५ मार्च, सकाळी ७.४०

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'समोर बसा' हे मला पटले. माझे आधीचे वाक्य मागे घेत नाही, पण ते या मुलाला लागू पडत नाही, हे मान्य करतो.

आमच्या परिसरातल्या मराठी मंडळींनी जुने लॅपटॉप गोळा करून अशा मुलांना द्यावेत का?

गणिताची_वही | २५ मार्च, सकाळी ९.००

काका, हेतू उत्तम आहे, पण आमच्या ग्रंथालयातून विद्यार्थ्यांना चांगले लॅपटॉप उसने मिळतात, आणि जुने, संथ यंत्र परीक्षेच्या मध्यात बंद पडले तर मदतीचे ओझे होते. त्याऐवजी आपापल्या भागातील कॉलेजसाठी देणग्या स्वीकारणाऱ्या प्रतिष्ठानाला गाठा आणि फॉस्टर केअरमधील विद्यार्थ्यांच्या तातडीच्या निधीसाठी म्हणून रक्कम द्या. सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत, शिष्यवृत्ती जमा होण्याआधी वापरता यावी, एवढी एकच विनंती करा. प्रयोगवही, चष्मा, संकेतांक विकत घेऊन उघडणारे ऑनलाइन पाठ्यपुस्तक, बसभाडे, हे सगळे पहिल्या आठवड्यातच लागते. पन्नास डॉलर ऑगस्टमध्ये जे काम करतात, ते ऑक्टोबरमध्ये पाचशे करत नाहीत.

आणि ज्यांना पैशांखेरीज काही द्यायचे आहे त्यांनी मुलांना आपल्या कामाच्या ठिकाणी न्यावे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ अशी नोकरी असते आणि तिला दोन वर्षांची पदवी पुरते, हे विसाव्या वर्षी कळले. तिच्या ओळखीत नोकरी करणारी मोठी माणसे म्हणजे केवळ समाजसेविका आणि पोलीस होती.

खिडकी_क्रमांक_तीन | २५ मार्च, दुपारी १२.४५

शुभदाताई, एक छोटी गोष्ट राहिली. त्याने प्रवेशाच्या अर्जात 'आपत्कालीन संपर्क' म्हणून कोणाचे नाव दिले आहे, ते त्याला विचारा. ही मुले ती जागा रिकामी ठेवतात किंवा समाजसेविकेचा क्रमांक देतात. समाजसेविका बदलतात, क्रमांक तसाच राहतो.

शुभदा_सॅनहोजे | २ एप्रिल, रात्री १०.०५

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे झाले ते सांगते.

नेक्स्टअपमध्ये त्याचे नाव नव्हते. कोणी सांगितले नव्हते असे नाही, ते पत्र त्याच पिशवीत होते. मंगळवारी आम्ही कॉलेजात गेलो. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि तो एकटा आत गेला. पाऊण तासाने तो समुपदेशिकेचे नाव लिहिलेला कागद घेऊन बाहेर आला. त्याला रसायनशास्त्र सोडायचे नव्हते, हे मला अनपेक्षित होते. समुपदेशिकेने तेरापैकी नऊचा हिशेब त्याच्यासमोर मांडला, आणि खूप वेळ गप्प राहून त्याने स्वतःच तो विषय मुदतीत सोडला. पुढच्या सत्रात पुन्हा घेईन म्हणाला. चष्मा त्याने मला दिला नाही, पिशवीतही टाकला नाही. पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला.

गणिताच्या शिक्षकांना त्याने दोन ओळींचे पत्र पाठवले. "गुरुवारी साडेतीनला ये," एवढेच उत्तर आले आणि तो गेला. पाकिटे आम्ही दर शनिवारी उघडतो, म्हणजे तो उघडतो. आतापर्यंत अकरा झाली.

आपत्कालीन संपर्काचेही विचारले. समाजसेविकेचाच क्रमांक होता आणि ती नोव्हेंबरमध्ये बदलून गेली आहे. 'कासा'च्या कार्यालयाला विचारून घेऊन मी म्हटले, "तुला हरकत नसेल तर माझा दे, पण विचार करून ठरव." तो म्हणाला, "बघतो." अजून त्याने काही सांगितलेले नाही आणि मी पुन्हा विचारलेले नाही.

अनुरक्षण | ३ एप्रिल, सकाळी ६.१५

विचारू नका. शनिवार चुकवू नका.

गणिताची_वही | ३ एप्रिल, सकाळी ८.३०

आधारवर्गाशिवाय कॉलेजात मोफत शिकवणी केंद्रही असते, आणि सत्राच्या शेवटी तिथे गर्दी होते. त्याने आत्ताच आठवड्याची एक ठरावीक वेळ नोंदवून ठेवावी. संख्याशास्त्र असेल तर कोणते प्रकरण चालू आहे ते कळवा, मी सरावासाठी उदाहरणे काढून देते.